लेडव्हिल, १८८२ : डोंगरी रेल्वेगावाचा विहंगम नकाशा टप्प्याटप्प्याने कसा वाचावा

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १०,१५० फुटांवर वसलेल्या लेडव्हिल या चांदीच्या खाणींच्या गावाचे विहंगम चित्र हेन्री वेल्गे यांनी १८८२ मध्ये काढले आणि मॅडिसन, विस्कॉन्सिन येथील प्रकाशक जे. जे. स्टोनर यांनी ते प्रसिद्ध केले. अशा नकाशांच्या स्कॅन केलेल्या प्रती लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्यामुळे रेल्वेप्रेमी, प्रतिकृती करणारे, कथा-कादंबऱ्यांसाठी संदर्भ शोधणारे आणि इतिहासाचे विद्यार्थी ते हौसेने उतरवून घेतात आणि पहिल्याच तासात चुकतात. चूक बहुधा एकच असते: ओळखीची एखादी ठळक इमारत शोधायची, तिथून बोटाने अंतरे मोजत जायचे आणि हिशेब जुळला नाही की चित्रकाराला खोटे ठरवायचे.

या लेखातील क्रम त्याच्या उलट आहे. आधी प्रत, मग दिशा, मग रस्ते, मग रूळ आणि इमारती त्यानंतर. हा क्रम मोडला तर पुढचे प्रत्येक अनुमान डळमळीत होते.

तयारी : काय हाताशी हवे

सर्वप्रथम नकाशाची मोठ्यात मोठी फाइल उतरवून घ्यावी. संकेतस्थळावर दिसणारी छोटी प्रतिमा वाचनासाठी निरुपयोगी असते, कारण दुकानांच्या पाट्या, चित्राखालील इमारतींच्या सूचीतील आकडे आणि रुळांच्या बारीक रेषा तिच्यात एकमेकांत मिसळून जातात. टिफ किंवा जेपीईजी २००० या स्वरूपातील फाइल जड असते, तरी तीच घ्यावी. कागदावर छापून काम करणार असाल तर आधी साधा हिशेब करावा: प्रति इंच ३०० ठिपक्यांच्या दर्जाने ६० सेंटिमीटर रुंद छपाई हवी असेल तर प्रतिमेची रुंदी सुमारे ७,१०० पिक्सेल असली पाहिजे.

दुसरी गरज तुलनेच्या साधनांची आहे, आणि येथेच बहुतेक जण कंजुषी करतात. किमान तीन साधने जवळ ठेवावीत.

पहिले साधन म्हणजे आजचा उपग्रहनकाशा. लेडव्हिलच्या मध्यवस्तीतील रस्त्यांची आखणी बरीचशी टिकून असल्यामुळे तो येथे विशेष उपयोगी पडतो. दुसरे, सॅनबॉर्न कंपनीचे अग्निविमा नकाशे. ते साधारणपणे एका इंचाला ५० फूट या प्रमाणात काढलेले असतात आणि त्यांत विटांच्या इमारती गुलाबी, लाकडी पिवळ्या व दगडी निळ्या रंगात दाखवलेल्या असतात. तिसरे, भूगर्भशास्त्रज्ञ सॅम्युएल फ्रँकलिन एमन्स यांचा लेडव्हिलच्या खाणींवरील अहवाल आणि त्यासोबतचा नकाशासंच, जो अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने, म्हणजे यूएसजीएसने, १८८६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठीचे क्षेत्रकाम १८८०च्या सुमारास झालेले असल्याने टेकड्या व खाणी ताडून पाहण्यासाठी त्याहून चांगला जोडीदार मिळणे कठीण.

या तिन्हींच्या जोडीला कोलोरॅडोतील जुन्या वृत्तपत्रांचा डिजिटल संग्रह हाताशी असला तर उत्तम, पण त्याची गरज पाचव्या टप्प्यापर्यंत पडत नाही.

*इशारा :* भिंतीवर टांगण्यासाठी विकल्या जाणाऱ्या रंगीत पुनर्मुद्रणांवरून अभ्यास करू नये. त्यांत कडा कापलेल्या असतात, खालची सूची कधी कधी गाळलेली असते आणि रंग नंतर चढवलेले असतात.

टप्पा १ : प्रत ओळखा

त्या काळात लेडव्हिलची निरनिराळी दृश्ये छापली गेली, आणि इंटरनेटवर ती एकमेकांच्या नावाने फिरतात. म्हणून चित्राकडे वळण्यापूर्वी समासातील मजकूर अक्षरशः उतरवून काढावा: शीर्षक, साल, चित्रकार, प्रकाशक, छापखाना आणि सूचीतील प्रत्येक नोंद तिच्या आकड्यासह. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळण्यासारखे नाही. सूचीतील आकडा चित्रातील छपरावर किंवा त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत छापलेला असतो आणि पुढे तोच इमारतीची ओळख पटवतो.

छापील सालाचा अर्थही नीट समजून घ्यावा. चित्रकार गावात राहून, रस्त्यारस्त्याने हिंडून इमारतींची रेखाटने करीत असे. त्या रेखाटनांवरून मोठे चित्र तयार होऊन शिळाछापावर उतरेपर्यंत काही महिने जात. त्यामुळे छापलेले साल ही पाहणीची तारीख नव्हे. ती केवळ अलीकडची मर्यादा आहे.

*पडताळणी :* लेडव्हिलसाठी कालनिश्चितीच्या काही खुणा सोप्या आहेत. गावातील धनाढ्य खाणमालक हॉरेस टेबर यांचे ऑपेरा हाउस नोव्हेंबर १८७९ मध्ये उघडले, म्हणून ते १८८२च्या चित्रात असायलाच हवे. टेबर ग्रँड हॉटेल १८८५ मध्ये सुरू झाले, तेव्हा ते दिसत असेल तर तुमच्या हातातील चित्र वेगळे आहे. सर्वांत नाजूक खूण ग्रँट यांच्या धातुशोधन कारखान्याची. तो १८८२ मध्येच आगीत गेला आणि त्याचा कारभार डेन्व्हरला हलवण्यात आला. चित्रात तो धूर सोडत उभा असेल तर पाहणी आगीपूर्वीची असण्याचा संभव वाढतो. मात्र प्रकाशकाने जुने रेखाटन तसेच ठेवले असण्याची शक्यताही जमेस धरावी लागते.

टप्पा २ : दिशा निश्चित करा

विहंगम नकाशात वरची बाजू उत्तर असतेच असे नाही. चित्रकाराला गावाचे दर्शनी रूप जिथून भरदार दिसेल ती बाजू तो निवडत असे, आणि ही निवड समजून न घेता उपग्रहनकाशा शेजारी ठेवणारा वाचक लवकरच डावे-उजवे उलटे करून बसतो. कागदावर बाण दिलेला असो वा नसो, पुढील कसोटी लावावीच.

लेडव्हिलच्या पश्चिमेला सवॉच पर्वतरांग आहे. गावापासून माउंट मॅसिव्ह सुमारे १७ किलोमीटरवर, पश्चिम-नैऋत्येला आहे, आणि माउंट एल्बर्ट त्याच्या दक्षिणेला, गावापासून सुमारे २० किलोमीटर नैऋत्येला. पूर्वेला मॉस्किटो पर्वतरांग असून तिच्या पायथ्याच्या टेकड्यांवर खाणी आहेत: ईशान्येच्या अंगाला फ्रायर हिल, पूर्वेला कार्बोनेट हिल आणि तिच्या पलीकडे आयर्न हिल. गावाच्या दक्षिण कडेने कॅलिफोर्निया गल्च ही घळ पश्चिमेकडे, आर्कान्सा नदीच्या खोऱ्यात उतरते.

आता चित्राच्या पार्श्वभूमीकडे पाहावे. गावाच्या मागे लागूनच खाणींच्या शेडनी भरलेल्या टेकड्या असतील तर नजर पूर्वेकडे आहे. अशा वेळी फ्रायर हिल डावीकडे आणि कॅलिफोर्निया गल्च उजवीकडे पडली पाहिजे. मागे दूरवर उंच, मोकळी शिखरे असतील आणि त्यांच्या व गावाच्या मध्ये रुंद खोरे असेल तर नजर पश्चिमेकडे आहे. मग गल्च डाव्या हाताला येते, आणि एल्बर्टही मॅसिव्हच्या डावीकडे येतो.

*इशारा :* एका खुणेवर विसंबू नये. शिखरांचे आकार चित्रकार सर्रास बदलतो, पण घळ कोणत्या हाताला आहे हे तो सहसा बदलत नाही, कारण ते चुकले असते तर गावातील गिऱ्हाइकांच्या ताबडतोब लक्षात आले असते. पैसे देणारे लोक तेच होते.

टप्पा ३ : रस्त्यांची जाळी आधी बसवा

चित्रकाराच्या कामाची सुरुवात गावाच्या आखणी-नकाशावरून होत असे. तो रस्त्यांची जाळी तिरप्या दृष्टीत काढून घेई आणि मग तीत एकेक इमारत बसवी. म्हणून या चित्रांतील सर्वांत विश्वासार्ह थर रस्त्यांचा असतो. वाचनही तिथूनच सुरू झाले पाहिजे.

पारदर्शक कागद किंवा संगणकावरील वेगळा थर घेऊन प्रथम हॅरिसन अव्हेन्यूची रेषा ओढावी. हा उत्तर-दक्षिण धावणारा गावाचा मुख्य रस्ता आहे. त्याच्या दक्षिण टोकाकडे चेस्टनट स्ट्रीट शोधावा. गावाची पहिली बाजारपेठ तिथे होती, आणि तिथून उत्तरेकडे क्रमांकांचे आडवे रस्ते एकामागून एक येतात. पश्चिमेला पाइन स्ट्रीट आणि पूर्वेला पॉप्लर स्ट्रीट ओढून झाले की मध्यवस्तीचा सांगाडा तयार होतो. प्रत्येक चौकाला स्वतःचा क्रमांक द्यावा व तोच क्रमांक आजच्या नकाशावरील त्याच चौकाला द्यावा. किमान बारा-पंधरा चौक असे जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नावांच्या बाबतीत एक खाचखळगा आहे. त्या काळातील स्टेट स्ट्रीट म्हणजे आजचा सेकंड स्ट्रीट. हे ठाऊक नसलेला वाचक जुन्या वृत्तपत्रातील पत्ता घेऊन भलत्याच गल्लीत शोधत राहतो.

जाळी बसल्यावर तिची उतरती मापे तपासावीत. चित्राच्या खालच्या कडेजवळील एका गाळ्याची, म्हणजे दोन आडव्या रस्त्यांमधील, लांबी मोजावी. मग मध्यभागातील आणि शेवटी वरच्या भागातील तसल्याच गाळ्याची मोजावी. खरोखरीच्या जमिनीवर हे गाळे जवळजवळ सारखे असतात, पण कागदावर ते मागे जाता जाता लहान होत जातात. ही घट एकसारखी असेल तर चित्रकाराने दृष्टिरचना काटेकोरपणे पाळली असे समजावे. मधेच एखादा गाळा अचानक फुगलेला दिसला तर तिथे त्याला एखादी महत्त्वाची इमारत ठळक दाखवायची होती असा बहुधा अर्थ होतो. अशा जागा लाल पेन्सिलीने खूण करून ठेवाव्यात, कारण पाचव्या टप्प्यात त्याच सर्वाधिक फसवतात.

*इशारा :* या नकाशावर एकच मोजपट्टी चालत नाही. एका सेंटिमीटरला इतके मीटर, असा हिशेब मांडणारा प्रत्येक निष्कर्ष चुकीचा असतो. अंतर हवे असेल तर दोन्ही टोकांचे चौक ओळखावेत आणि आजच्या नकाशावर मोजावे.

टप्पा ४ : रूळ, स्थानक आणि गाड्या

रेल्वेप्रेमी वाचक इथे धाव घेतो, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण चित्रातील सर्वांत जिवंत भाग हाच असतो. पण गाड्या आणि रूळ यांची विश्वासार्हता सारखी नसते, हे आधी ठरवून घ्यावे.

डेन्व्हर अँड रिओ ग्रँड ही कंपनी १८८० मध्ये लेडव्हिलला पोहोचली. तिचे रूळ तीन फुटी नॅरोगेजचे होते, म्हणजे आपल्या नेरळ-माथेरान गाडीच्या दोन फुटी रुळांपेक्षा रुंद, पण ब्रॉडगेजपेक्षा खूपच अरुंद. मुख्य मार्ग आर्कान्सा नदीच्या खोऱ्यातून येई आणि गावाच्या पश्चिमेकडील माल्टा येथून फाटा लेडव्हिलकडे चढे. चित्रात रूळ या बाजूने गावात शिरतात का, हे सर्वप्रथम पाहावे. त्यानंतर मुख्य रुळापासून फुटणारे फाटे बोटाने नव्हे, पेन्सिलीने शेवटपर्यंत गिरवावेत. धातुशोधन कारखान्यांकडे जाणारा फाटा खनिज, कोळसा आणि कोक यांच्या वाहतुकीचा मार्ग असतो, आणि तो कुठे संपतो यावरून सूचीत नसलेला कारखानाही ओळखता येतो.

डेन्व्हर, साउथ पार्क अँड पॅसिफिक या कंपनीबाबत घोटाळा नेहमी होतो. तिच्या गाड्या १८८० पासून लेडव्हिलला येत होत्या, पण ब्युएना व्हिस्टापासून पुढे त्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँडच्या रुळांवरून धावत. तिचा स्वतःचा, बोरिआस व फ्रीमाँट या खिंडींवरून जाणारा मार्ग १८८४ मध्ये पूर्ण झाला. कोलोरॅडो मिडलँड तर १८८७ मध्ये आली. तेव्हा १८८२च्या चित्रात दुसऱ्या कंपनीचा वेगळा मार्ग शोधत बसू नये, आणि तो सापडलाच तर पहिल्या टप्प्यावर परत जाऊन प्रत पुन्हा तपासावी.

गाड्यांवरून मात्र काहीही सिद्ध करू नये. डब्यांची संख्या, इंजिनाचा आकार, एकाच वेळी दोन-तीन गाड्या धावताना दिसणे, हे सारे गाव गजबजलेले दिसावे म्हणून घातलेले असते. इंजिनाच्या चाकांची संख्या मोजून त्याची जात ठरवणारे लोक मी पाहिले आहेत. एवढ्या बारीक रेघोट्यांतून तसा निष्कर्ष काढणे म्हणजे शिळाछापाच्या कारागिराच्या हाताला इंजिनाची जात चिकटवणे आहे.

*पडताळणी :* स्थानकाची इमारत, मालधक्का आणि पाण्याची टाकी एकमेकांच्या संदर्भात जिथे दिसतात तशीच सॅनबॉर्नच्या नकाशावर आहेत का, हे पाहावे. त्यांचा क्रम जुळला पाहिजे. त्यांतील अंतर जुळलेच पाहिजे असे नाही.

टप्पा ५ : इमारती, एकेक करून

आता इमारतींकडे यावे. तीन गटांत काम केल्यास गोंधळ होत नाही: सूचीत आकडा असलेल्या इमारती, आकडा नसलेल्या पण आकाराने वेगळ्या इमारती, आणि उरलेली सामान्य घरे. चित्राच्या छपाईसाठी आगाऊ वर्गणी भरणाऱ्या मालकांच्या इमारती अधिक काळजीने, कधी समासातील स्वतंत्र चौकटीत, काढल्या जात. वर्गणी न भरणाऱ्याचे घर गाळले जात नसे, पण त्याचा दर्शनी भाग चार खिडक्या आणि एक दार एवढ्यावर भागवला जाई. म्हणून पहिल्या गटातील तपशिलांवर जितका भरवसा ठेवता येतो तितका तिसऱ्या गटातील तपशिलांवर ठेवू नये.

एक उदाहरण जवळून पाहू. टेबर ऑपेरा हाउस ३०८ हॅरिसन अव्हेन्यू येथे आजही उभे आहे, त्यामुळे चित्रकाराचा हात कितपत सच्चा होता हे पारखण्यासाठी ते उत्तम परिमाण ठरते. तिसऱ्या टप्प्यातील जाळीवर थर्ड स्ट्रीटच्या परिसरात हॅरिसनला लागून असलेली तीन मजली इमारत शोधावी. मग मोठी करून चार प्रश्न विचारावेत. मजले किती? छपराचा वरचा कठडा सरळ आहे की नक्षीदार? दर्शनी बाजूच्या खिडक्या किती? शेजारच्या क्लॅरेंडन हॉटेलकडे वरच्या मजल्यावरून जाणारा जोडमार्ग दाखवला आहे का? उत्तरे १८८०च्या दशकातील छायाचित्राशी ताडावीत. अशा चित्रांत मजल्यांची संख्या आणि छपराची ठेवण बहुधा बरोबर असते, खिडक्या कमी केलेल्या असतात, आणि जोडमार्गासारख्या गोष्टी चित्रकाराच्या मर्जीवर असतात. लेडव्हिलच्या चित्रकाराने यांतील कोणता तपशील पाळला हे इथे एकदा समजले की इतर इमारतींचा तपशील किती गंभीरपणे घ्यायचा याचा अंदाज येतो.

हीच कसोटी पॉप्लर आणि सेव्हन्थ स्ट्रीट येथील अनन्सिएशन चर्चला लावावी. त्याचा उंच मनोरा लांबूनही ओळखू येतो. पाइन आणि फोर्थ स्ट्रीट येथील, १८८० मध्ये बांधलेल्या सेंट जॉर्ज चर्चलाही ती लावून पाहावी. तीन इमारतींचे निकाल एकसारखे आले तर पुढे जावे.

छपरे मोजून लोकसंख्या काढण्याचा मोह मात्र आवरावा. १८८०च्या जनगणनेत लेडव्हिलची लोकसंख्या १४,८२० नोंदली गेली. चित्रातील घरे मोजून, घरामागे चार-पाच माणसे धरून हा आकडा गाठण्याचा प्रयत्न कधीही जुळत नाही, कारण खाणकामगार खाणावळींत, भाड्याच्या खोल्यांत आणि चौकटीबाहेरील घळींमधल्या झोपड्यांत दाटीवाटीने राहत होते.

*पडताळणी :* सॅनबॉर्नच्या नकाशात एखादी इमारत सापडली नाही म्हणजे ती नव्हती असे नाही. विमा कंपन्यांना ज्या दाट वस्तीत रस होता तेवढीच तिथे काढलेली असते. गावाच्या कडेची घरे तिथे शोधण्यात वेळ घालवू नये. त्यासाठी गावाची जुनी सिटी डिरेक्टरी आणि वृत्तपत्रे पाहावीत.

टप्पा ६ : टेकड्या, झाडे आणि धूर

पार्श्वभूमीतील डोंगर जवळ ओढलेले आणि उंच केलेले असतात, हे गृहीतच धरावे. फ्रायर हिलवर लिटल पिट्सबर्ग, क्रिसोलाइट, रॉबर्ट ई. ली आणि मॅचलेस या खाणी होत्या. चित्रातील शेडची रांग त्यांच्याशी जुळवायची असेल तर एमन्स यांच्या नकाशासंचावरून टेकडीचा चढ आणि खाणींचा क्रम आधी लिहून काढावा आणि मगच चित्राकडे पाहावे. उलट केले तर डोळ्यांना जे हवे तेच दिसते.

झाडांवर विश्वास ठेवू नये. खाणींना लागणारे टेकूचे लाकूड आणि भट्ट्यांसाठीचा लाकडी कोळसा यांपायी आसपासच्या उतारांवरील जंगल तोडले गेले होते. त्यामुळे रस्त्याच्या दुतर्फा एकसारख्या गोल झाडांच्या रांगा दिसल्या तर तो छापाचा ठरीव साचा समजावा.

धुराचा उपयोग एवढाच: कारखान्याची धुराडी कोणती हे ओळखणे. प्रत्येक धुराड्यातून धूर निघत असेल तर ती भरभराटीची जाहिरात आहे. सर्व कारखाने त्या दिवशी चालू होते असा पुरावा त्यातून मिळत नाही.

टप्पा ७ : संगणकावर नकाशा बसवणे, गरज असेल तरच

क्यूजीआयएससारख्या, नकाशे हाताळणाऱ्या संगणकप्रणालीत हे चित्र आजच्या नकाशावर बसवता येते, पण बहुतेक कामांना त्याची गरज नसते. पहिले सहा टप्पे नीट केले असतील तर चौकांच्या जोड्या पुरेशा असतात. तरीही करायचेच असेल तर पुढील पथ्ये पाळावीत.

नियंत्रणबिंदू, म्हणजे चित्र आणि आजचा नकाशा या दोन्हींवर एकच जागा दाखवणारे बिंदू, जमिनीवरच द्यावेत, चौकांच्या मध्यावर किंवा इमारतीच्या पायाच्या कोपऱ्यावर. चर्चच्या कळसावर किंवा छपराच्या टोकावर बिंदू दिला की सगळी जाळी जागेवरून सरकते, कारण तिरप्या दृष्टीत उंच वस्तूचे टोक कागदावर तिच्या मागच्या जमिनीवर पडते. ही चूक इतकी सर्रास होते की बसवलेला नकाशा वाकडा दिसला तर मी सर्वप्रथम बिंदूंची यादी पाहतो.

रूपांतराचा, म्हणजे चित्र आजच्या नकाशावर बसवण्याच्या गणिती पद्धतीचा, प्रकार प्रथम प्रोजेक्टिव्ह घ्यावा. त्याला किमान चार बिंदू लागतात, पण अर्धा डझन चौक समोर आणि तितकेच मागच्या बाजूला असे पसरून द्यावेत. ते मुळीच जुळत नसेल तरच थिन प्लेट स्प्लाइन वापरावे. हा प्रकार प्रत्येक बिंदू हट्टाने जागेवर आणतो आणि त्यासाठी मधली जागा रबरासारखी ताणतो, म्हणून चुकीचा बिंदू असला तरी सर्व काही छान जुळल्याचा भास होतो. पूर्वेकडे जमीन चढत जाते हेही विसरू नये. सपाट मैदानातील गावाला जे रूपांतर चालते ते इथे कडेला चुकतेच, म्हणून हॅरिसन अव्हेन्यूच्या आसपासचा भाग तेवढा बसवून टेकड्या सोडून द्याव्यात.

*पडताळणी :* रूपांतरासाठी न वापरलेले तीन-चार चौक राखून ठेवावेत आणि शेवटी ते कुठे पडतात ते पाहावे. गावाच्या मध्यात ते रस्त्याच्या रुंदीच्या आत पडले तर समाधान मानावे.

टप्पा ८ : नोंद कशी करावी

लेखात किंवा प्रदर्शनात हे चित्र वापरताना चित्रकार, प्रकाशक, साल, संग्रह आणि तेथील नोंदक्रमांक द्यावा. प्रतिमा कापली असल्यास तसे लिहावे. निष्कर्षांपुढे तीन खुणांपैकी एक जोडावी: दुसऱ्या साधनाने पटलेले, फक्त चित्रावरून अनुमानलेले, आणि चित्रात आहे पण दुसऱ्या साधनाशी विसंगत. विसंगत नोंदी खोडून टाकू नयेत. त्याच चौकाचे पुढच्या वर्षीचे सॅनबॉर्न किंवा एखादे छायाचित्र हाती आले की त्या नोंदींवर पुन्हा काम करता येते, आणि त्यासाठी चौकाचा तिसऱ्या टप्प्यातील क्रमांक प्रत्येक नोंदीसमोर असलाच पाहिजे.